सुईवरचा घसारा

घसारा म्हणजे काय, हे मला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिकवण्यात आले. पण कळले ते वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, जुनी रेकॉर्ड नव्या सुईखाली ठेवल्यावर. मधल्या काळात मी बँकेत नोकरी केली. म्हणजे लोकांच्या यंत्रांचा, ट्रकांचा आणि पिठाच्या गिरण्यांचा घसारा मी बिनचूक काढत होतो. घरात कपाटावर ठेवलेल्या तेवीस रेकॉर्डींचा काढायचे सुचले नाही.

घसाऱ्याच्या दोन पद्धती सर्वांना ठाऊक असतात. दरवर्षी सारखी रक्कम वजा करायची, किंवा उरलेल्या शिलकेवर टक्केवारी लावायची. रेकॉर्ड नावाच्या मालमत्तेला या दोन्ही चालत नाहीत. तिथे नियम असा, की ज्या रेकॉर्डीवर प्रेम जास्त तिचा घसारा जास्त. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कचेरीतून बक्षीस मिळालेली एक मिलिटरी बँडची रेकॉर्ड होती. ती आमच्याकडे कोणी दुसऱ्यांदा लावली नाही. ती आजही अशी ठणठणीत वाजते, की ऐकताना उभे राहावेसे वाटते. आणि भीमसेन जोशींची तोडीची लाँगप्ले, जी दर रविवारी सकाळी लागायची, तिच्यातून तोडीबरोबर कांदाभजी तळल्याचाही आवाज येतो.

अण्णा गेले २०१८ साली. प्लेअर त्याच्या बराच आधी, २००५ च्या सुमारास गेला. तो एक पेटीवजा प्लेअर होता. झाकण उघडायचे, झाकणातच स्पीकर. अण्णांनी तो दिवाळीच्या बोनसमधून घेतला होता. परवा माळा आवरताना तो हाती लागला आणि मला दुर्बुद्धी सुचली की हा दुरुस्त करू. पासोड्या विठोबाजवळच्या बाजारातल्या मेकॅनिकने आतली सुईची डबी काढून नाकाशी धरली आणि म्हणाला, "साहेब, खडा गेला."

"कसला खडा?"

"मिठाचा."

मला वाटले माणूस थट्टा करतोय. थट्टा नव्हती. या डबीला शिष्ट लोक कार्ट्रिज म्हणतात. जुन्या स्वस्त प्लेअरांत तिच्यात रॉशेल सॉल्टचा स्फटिक असायचा. हे मीठ सतराव्या शतकात फ्रान्समधल्या ला रोशेल गावच्या औषधविक्याने शोधले, आणि कशासाठी म्हणाल, तर जुलाबासाठी! पुढे १८८० साली क्युरी बंधूंना आढळले, की असल्या काही स्फटिकांना दाबले की त्यांतून वीज निघते. सुई खाचेत थरथरते, खडा दाबला जातो, वीज निघते, तिचे गाणे होते. म्हणजे आमच्या घरी दर रविवारी तोडी ज्यातून यायची ते मूळचे रेचक. त्यातून अर्ध्या व्होल्टच्या आसपास दणदणीत वीज मिळते, म्हणून पुढचे यंत्र स्वस्तात भागते. दोष दोनच. दमट हवेत खडा पाणी धरतो, आणि पंचावन्न अंशांच्या आसपास तापला की कायमचा बसतो. ज्या देशात चार महिने पाऊस आणि चार महिने ऊन, तिथे ही डबी घराघरांत पोचावी, यात कोणाची तरी विनोदबुद्धी दिसते. पुढे सिरॅमिक आले आणि ही अडचण गेली, पण आमच्याकडे जुनाच खडा होता.

मेकॅनिकने सल्ला दिला, "हे सोडा. चांगलं टर्नटेबल घ्या." तिथून माझ्या अधःपाताला सुरुवात झाली.

एक गोष्ट आधीच सांगतो. गेल्या सव्वाशे वर्षांत रेकॉर्ड चांगली वाजावी म्हणून माणसाने जे जे केले, त्याचा बराचसा भाग सुईवरचे ओझे कमी करण्यात गेला आहे. एडिसनने १८७७ साली कथलाच्या वर्खावर आवाज कोरला. तो वर्ख दोनचार वेळा वाजवला की संपला. घसाऱ्याची पद्धत जन्मापासूनची. बर्लिनरने दहा वर्षांनी चपटी तबकडी आणली. ही तबकडी पुढे लाखेची झाली. लाख म्हणजे तीच, जी बांगड्यांना लागते आणि जिचे सील आम्ही वर्षानुवर्षे रोकड पिशव्यांवर मारत आलो. छोटा नागपूरच्या जंगलातले किडे ती तयार करतात. तिच्यात दगडाची पूड आणि काजळी कालवून रेकॉर्ड व्हायची. दगडाची पूड का? तर पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांत घासली जाऊन खाचेच्या मापाची व्हावी म्हणून. वर बसलेले साउंडबॉक्सचे धूड शंभर ग्रॅमच्या वर वजनाचे. म्हणून एका बाजूला एक सुई, आणि बाजू संपली की सुई फेकायची. डबीत दोनशे सुया मिळत. याला धंदा म्हणतात! ब्लेडवाल्यांनी ही युक्ती इथूनच उचलली असावी अशी मला शंका आहे.

अशाच तबकडीसाठी गौहरजान कलकत्त्याला १९०२ च्या नोव्हेंबरात गायल्या. ध्वनिमुद्रण करणारे गायझबर्ग लंडनहून आले होते, तबकड्या छापायला जात जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या कामगाराला कळावे म्हणून बाई गाणे संपताच इंग्रजीत आपले नाव ठणकावून सांगत. आमच्या बँकेत चेकवर सही जुळत नाही तेव्हा मला या बाईंची आठवण येते.

लाँगप्ले आली १९४८ च्या जूनमध्ये. कोलंबिया कंपनीने न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात पत्रकारांना बोलावले आणि एकीकडे जुन्या रेकॉर्डींची आठ फुटी चळत, दुसरीकडे तेवढेच संगीत मावणारी लाँगप्लेची छोटीशी चवड ठेवली. लाखेऐवजी व्हायनिल, मिनिटाला ७८ ऐवजी सव्वातेहतीसहून किंचित जास्त फेरे, आणि केसाएवढी बारीक खाच. आता मात्र शंभर ग्रॅमचे धूड चालेना. सुईला हलके व्हावे लागले.

हा सगळा इतिहास मला नंतर कळला. त्या आधी मी आमच्या हेडकॅशिअरच्या ओळखीने एक जपानी टर्नटेबल घेऊन मोकळा झालो होतो. "राव, चक्का माल आहे," हे त्यांचे प्रमाणपत्र. किंमत मी घरी निम्मी सांगितली. सौ. गणितात माझ्यापेक्षा बरी आहे. तिने नुसते "बरं" म्हटले. ज्यांची लग्ने होऊन वीस वर्षे झाली असतील त्यांना हा "बरं" ठाऊक असेल.

घरी आणून वायर सरळ अँप्लिफायरला जोडली. भीमसेन सुरू झाले ते डासाच्या आवाजात. आवाज वाढवला, तर मोठा डास. चिरंजीव म्हणाले, "बाबा, मोबाईलवर लावू का?" मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बाजारात.

त्याचे असे आहे. खर्जाचा आवाज कोरायचा तर सुई खूप लांब डोलते, खाच रुंद होते, आणि वीस मिनिटांची बाजू सात मिनिटांत संपेल. म्हणून कोरताना खर्ज कापून घेतात. उलट बारीक आवाज मुद्दाम वाढवून कोरतात, कारण वाजवताना तो कमी केला की त्याबरोबर खरखरही कमी होते. पूर्वी प्रत्येक कंपनीचे कापण्याचे प्रमाण वेगळे असे. १९५४ साली अमेरिकेतल्या उत्पादकांच्या संघटनेने एक प्रमाण ठरवले आणि हळूहळू जगाने ते मानले. पगारातून कापलेला प्रॉव्हिडंट फंड जसा निवृत्तीला परत मिळतो, तसा कापलेला खर्ज वाजवताना परत मिळायला हवा. तो परत करणारी छोटी पेटी असते, तिला फोनो प्रीअँप म्हणतात. शिवाय चुंबकाच्या कार्ट्रिजमधून वीज निघते जेमतेम पाच मिलिव्होल्ट, खड्याच्या शंभरावा हिस्सा. तीही हीच पेटी वाढवते. माझ्याकडे पेटी नव्हती, त्यामुळे भीमसेनांचा सगळा फंड कापलेलाच राहिला होता. फेस्टिव्हल अ‍ॅडव्हान्स काढला. घरच्या हिशेबात तो मी सस्पेन्स खात्यात टाकला.

पेटी लावल्यावर मात्र आवाज भरला. खोलीत भीमसेन बसले. आणि एक गंमत झाली. जुन्या प्लेअरवर तोडीच्या मागे एक घूंऽऽ असा आवाज यायचा. तो आम्ही तीस वर्षे मोटारीचा समजत होतो. तो तानपुरा निघाला!

इथे शहाणा माणूस थांबला असता. पण रेकॉर्डवाल्यांची जात थांबणाऱ्यांची नव्हे. ब्रिटनमधल्या अ‍ॅलन ब्लुमलाइनने १९३१ मध्येच एका खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज कोरायची युक्ती पेटंट केली होती. बाजारात स्टिरिओ रेकॉर्डी आल्या १९५८ साली. हा माणूस तोवर राहिला नाही. १९४२ साली रडारची चाचणी घेताना विमान कोसळून तो अडतिसाव्या वर्षी गेला. डाव्या-उजव्या स्पीकरसमोर बरोबर मध्ये खुर्ची टाकून बसणाऱ्या कितीजणांना त्याचे नाव माहीत असेल? मलाही परवापर्यंत नव्हते, म्हणून मी जास्त बोलत नाही.

मग १९७३ साली ग्लासगोजवळ लिन नावाची कंपनी निघाली. तिच्या आयव्हर टिफेनब्रनने सांगायला सुरुवात केली, की स्पीकरवर पैसे उधळू नका. आधी टर्नटेबल नीट करा, तिथे जे हरवले ते पुढे कोणी आणून देणार नाही. हे म्हणणे मला एकदम पटले. व्हाउचरच चुकले तर ताळेबंदाला सोन्याची चौकट करून काय उपयोग? फक्त हे तत्त्व सांगणारा माणूस टर्नटेबल विकत होता, एवढी नोंद समासात ठेवावी.

काही गोष्टी मात्र मला पटल्या नाहीत. कोणी तारांना हजारो रुपये मोजतात, कोणी रेकॉर्डीवर लाकडी गोल ठेवतात. २०२२ साली अमेरिकेत उघड झाले, की शुद्ध जुन्या पद्धतीच्या म्हणून चढ्या भावाने विकल्या गेलेल्या काही रेकॉर्डींत मधला टप्पा डिजिटल होता. डिजिटलचा वासही सहन न होणाऱ्या भल्याभल्या कानांनी त्याच रेकॉर्डी वर्षानुवर्षे वाखाणल्या होत्या. आमच्याकडे याहून मोठी सुधारणा सौ.ने फुकटात केली. टर्नटेबल ठेवलेला स्टूल तिने डगडगून पाहिला, एका पायाखाली कॅलेंडरचा पुठ्ठा दुमडून घातला, आणि म्हणाली, "पोळपाट हलत असेल तर पोळी गोल होत नाही." दोन गायक होते त्यांचा एक झाला. मिक्सर चालू असताना तोडी लावू नये, हेही तिनेच ठरवले.

तरी कांद्याची भजी तळली जातच होती. रेकॉर्ड धुतली, पुसली, भजी कायम. तेव्हा मेकॅनिकने विचारले, "जुना प्लेअर किती वजन टाकायचा?" घरी येऊन जुन्या प्लेअरचा दांडा उलटा करून पाहिला. खाली काळी चिकटपट्टी, आणि तिच्याखाली पंचवीस पैशांचे नाणे.

आता ते सांगणे आले. १९८७ साल. मी सात वर्षांचा. अण्णा कचेरीत, आई शेजारी. रेकॉर्डीच्या आत माणूस नक्की कुठे बसतो हे पाहण्यासाठी मी चालू तोडीवरचा दांडा धरून आडवा ओढला. खर्रर्र! मी सगळे जागच्या जागी ठेवले आणि पाढे म्हणत बसलो. न सांगता पाढे म्हणत बसलो, यातच खरे तर सगळे आले होते. रविवारी तोडी लागली. तीनचार मिनिटांनी भीमसेन एका तानेवर अडकले. तीच तान, तीच तान. त्या दिवशी बाबांचे एक जाणकार स्नेही आले होते, ते डोळे मिटून "वा! वा!" करत मान हलवत होते. लाँगप्लेचा एक फेरा १.८ सेकंदांचा असतो. म्हणजे मिनिटभरात त्यांनी तेहतीस वेळा दाद दिली.

स्नेही गेल्यावर अण्णांनी रेकॉर्ड उजेडात धरली.

"कोणी हात लावला होता?"

"झुरळ," मी म्हणालो. "झुरळ फिरत होतं त्यावर. मी पाहिलं."

अण्णांनी पुन्हा रेकॉर्डीकडे पाहिले. "बरंच वजनदार झुरळ दिसतंय," एवढेच म्हणाले. मग खिशातून पंचवीस पैसे काढून दांड्यावर चिकटवले. सुई दाबली गेली, तान पुढे सरकली. विषय संपला.

माझ्याकडे आता सुईचे वजन मोजायचा काटा होता. नाणे ठेवले : अडीच ग्रॅम. नव्या कार्ट्रिजच्या कागदावर लिहिले होते, एकूण भार दोन ग्रॅम. म्हणजे नव्या सुईचा सगळा संसार जेवढ्यात चालतो, त्याहून जास्त नुसते माझ्या झुरळाचे ओझे. मूळचे पाचसहा ग्रॅम वेगळेच. मी कागद घेतला. अठरा वर्षे, वर्षाचे पन्नास रविवार, नऊशे वेळा. लाँगप्लेच्या एका बाजूची खाच सरळ केली तर चारशेहून अधिक मीटर भरते. पुण्याहून थेट धारवाडच्या वेशीपर्यंत ते नाणे रेकॉर्डीवरून फरफटत गेले होते. २०११ च्या जूनअखेर पंचवीस पैसे चलनातून गेले, तेव्हा काउंटरवर बसून मी पोत्याने नाणी मोजून घेतली. घरातले तेवढे राहिले.

आता उपाय? उपाय निघाला जपानमधून. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे चार स्पीकरांची रेकॉर्ड निघाली. तिच्यात कानाला ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर जास्तीचे आवाज लपवलेले असत. ते वाचायला नेहमीची गोल टोकाची सुई पुरेना. म्हणून जेव्हीसी कंपनीच्या शिबाता यांनी हिऱ्याचे वेगळेच टोक घडवले. चार स्पीकरांचा धंदा बुडाला, सुई टिकली. गोल सुई खाचेच्या भिंतीला एका ठिपक्यापाशी टेकते. शिबाताची सुई उभ्या रेषेत टेकते, वर आणि खालीही. याचा अर्थ, जुन्या सुईने भिंतीचा एक पट्टा घासून टाकला असला तरी वरखालची भिंत कोरी राहिलेली असू शकते. अण्णांची सुई जिथे कधी पोचलीच नाही, तिथली तोडी अजून तिथेच असणार.

किंमत ऐकून मी खुर्चीत बसलो. संध्याकाळी घरी सगळे खरे आकडे सांगितले, टर्नटेबलच्या उरलेल्या निम्म्यासकट. सौ. म्हणाली, "मी धरलेच होते तेवढे. फक्त पाचशेचा फरक येतोय." तो फरक मेकॅनिकच्या चहापाण्याचा होता. मग तिने विचारले, "आईंना ऐकू येईल ना त्यातलं?" आईला आता एका कानाने कमी येते. मी म्हटले, पाहू. तिने आणि मी मिळून सुई घेतली.

(जाता जाता : १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांतून सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची रेकॉर्ड अंतराळात पाठवली. तिच्यात मूळच्या गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. परग्रहवासीयांची पंचाईत होऊ नये म्हणून सोबत कार्ट्रिज आणि सुईही दिली, आणि ती कशी टेकवायची त्याचे चित्र झाकणावर कोरले. हे मी सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "त्यांना फेस्टिव्हल अ‍ॅडव्हान्स काढावा लागला नाही, एवढंच.")

रविवारी सकाळी रेकॉर्ड धुऊन ठेवली. काट्यावर बरोबर दोन ग्रॅम जुळवले. आईला मध्यल्या खुर्चीत बसवले, चांगला कान स्पीकरकडे करून. सुई टेकली. भजी पूर्ण थांबली असे म्हणणार नाही, पण तळणारा पलीकडच्या खोलीत गेला. तानपुरा जोडीने ऐकू आला. भीमसेन श्वास घेतात, तोही आला.

तीन मिनिटे झाली. आई हात खुर्चीच्या दांड्यावर टेकून अर्धवट उठली. अण्णा असताना नाणे सरकले की तीच उठून दांड्याला बोट लावायची. मी "बस" म्हणून खूण केली. तान आली. टक् असा बारीक आवाज झाला, आणि तान पुढे निघून गेली.

आई पुन्हा टेकून बसली. थोडा वेळ काही बोलली नाही. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "गेलं वाटतं झुरळ."

बाजू संपली तसा मी रेकॉर्ड उलटी करायला उठलो.